त्याच सरीत

उसाचा फड तोडत आणताना शेवटच्या आठ-दहा सऱ्या उरल्या की टोळीतल्या माणसांचं बोलणं आपोआप कमी होतं. कोणी कोणाला गप्प करत नाही. सकाळपासून कोयत्याच्या पुढे पुढे सरकत गेलेले ससे, मुंगसं, रानमांजरं त्या उरलेल्या पट्ट्यात गोळा झालेली असतात. त्यांच्याबरोबर आणखी कोण असू शकतं, हे जुन्नर तालुक्यात कोणाला वेगळं सांगावं लागत नाही.

माझं आजोळ याच तालुक्यातलं, कुकडीच्या कालव्याखालचं. काही वर्षांपूर्वी जानेवारीत मी तिथे असताना मामाच्या खोडव्याची अशीच शेवटची पट्टी उरली होती. बीडकडून आलेल्या टोळीतली एक बाई मोळी बांधायला वाकली आणि वाकल्या वाकल्याच मागे सरली. पाचटात दोन पिल्लं होती. ओल्या मातीच्या रंगाची, निळसर डोळ्यांची, मांजरापेक्षा थोडी जाड. बाईनं कोयता खाली ठेवला, पदर सारखा केला आणि एवढंच म्हणाली, "बाळंतीण हाय हितं."

मी त्या दिवशी फडात एवढं नेमकं बोललेलं दुसरं काही ऐकलं नाही.

मामानं ट्रॅक्टर बंद करायला लावला. फारेस्टला फोन गेला. वनरक्षक मोटारसायकलवर आला, आणि दुपारी माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्राची गाडी आली. डॉक्टरांनी हातमोजे घालून पिल्लं एकेक करून तपासली. नर कोणतं, मादी कोणती, अंगावर गोचीड किती, पोट भरलेलं आहे की खपाटीला गेलंय, कोयत्याचं टोक कुठे लागलं तर नाही ना. सगळं चालू असताना कोणी पिल्लाच्या डोक्यावरून हात फिरवला नाही. माझा हात मात्र दोनदा पुढे गेला आणि दोन्ही वेळा मी तो मागे घेतला.

मग मामीकडे एक कॅरेट मागितलं गेलं. नारायणगावच्या बाजारात टोमॅटो भरून जातं ते साधं प्लास्टिकचं कॅरेट. त्यात थोडं पाचट, पाचटावर दोन पिल्लं. आणि मग त्या वनरक्षकानं जे केलं त्यासाठी मी हे सगळं लिहिते आहे. त्यानं त्या तोडणीवालीला हाक मारली. "मावशी, नेमकी कुठं दिसली? कोणत्या सरीत?" तिनं बोट दाखवलं. तो तिथे उभा राहिला. "इथं? का हातभर पलीकडं?" ती पुढे झाली, पायानं पाचट सारलं, दबलेली गोल जागा शोधली आणि म्हणाली, "हितं." कॅरेट तिथेच ठेवलं गेलं. बाजूच्या उसाला कॅमेरा बांधला. दिवस मावळायच्या आत सगळ्यांनी रान सोडलं.

आई कुठे लांब गेलेली नसते. शेजारच्या उभ्या उसात बसून ती हे सगळं ऐकत असते. अंधार पडला, माणसाचा वास थोडा विरला की ती येते, वासावर जागा शोधते, मानेला धरून एक पिल्लू उचलते, दुसऱ्यासाठी पुन्हा येते. कधी त्याच रात्री, कधी दुसऱ्या. मात्र ती शोधते ती जागा. पिल्लं दुसऱ्या बांधावर सुरक्षित ठेवली आहेत हे तिला कळवायची कुठलीही सोय आपल्याकडे नाही.

पुण्यात मी बरीच वर्षं सुट्टीच्या दिवशी एका प्राण्यांच्या निवाऱ्यात कामाला जात असे. गाडीखाली आलेली कुत्री, खरजेनं सोलपटलेली पिल्लं, मांज्यात पंख कापलेल्या घारी, मागचे पाय ओढत सरपटणारा एखादा लहानगा. फोन वाजला की पलीकडचं पहिलं वाक्य ठरलेलं असायचं: "तुम्ही या आणि घेऊन जा." त्यात निर्दयपणा नसायचा. उलट बहुतेक वेळा आवाज थरथरत असायचा. त्या माणसाला ते दुःख बघवत नसायचं, आणि ते नजरेआड झालं की ते बरं होणार असा त्याला विश्वास असायचा. आम्हीही जायचो आणि घेऊन यायचो. माझ्या हातांनी शिकलेली पहिली गोष्ट म्हणजे उचलणं: एक हात छातीखाली, एक पोटाखाली, तोंड आपल्यापासून बाहेरच्या बाजूला. अजूनही रस्त्याच्या कडेला काही निपचित पडलेलं दिसलं की मी थांबायच्या आधी माझे हात तयार होतात.

शहरातल्या या कामाची मुळं जुनी आहेत. कुत्री मारण्याच्या सरकारी मोहिमेवरून १८३२ साली मुंबईत पारशी समाज खवळून रस्त्यावर उतरला होता, आणि दोनच वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजी जीजीभॉय आणि इतर सावकारांच्या पुढाकारानं मुंबईत पांजरपोळ संस्थेची स्थापना झाली. मारू नका, आम्हाला द्या, आम्ही सांभाळू, अशी ती मागणी होती. मला तिच्याबद्दल फार आदर आहे. आज या राज्यातल्या प्रत्येक निवाऱ्यात, पत्र्याच्या शेडखाली औषधाचा वास सहन करत जी पोरं-पोरी काम करतात, ती त्याच मागणीची वारस आहेत. हेमलकशाला प्रकाश आमटे यांनी प्राण्यांचं जे अनाथालय उभं केलं त्याची छायाचित्रं बघतच माझी पिढी वाढली. बिबट्याच्या गळ्यात हात टाकून बसलेला माणूस आम्हाला देवासारखा वाटायचा. तिथे आलेली पिल्लं शिकारीत आई गमावलेली होती. त्यांना परत ठेवायला जागाच उरलेली नव्हती.

मामाच्या रानातल्या पिल्लांची आई शेजारच्या उसात होती. हा फरक मला त्या संध्याकाळपर्यंत कळला नव्हता. मी खरोखर मनात धरलं होतं की पिल्लं आता माणिकडोहला जातील, बाटलीनं दूध पितील, वाचतील.

बिबट्या इथे आला कुठून, हे शहरातले लोक मला नेहमी विचारतात. जंगल तोडलं म्हणून आला, असं उत्तर त्यांना अपेक्षित असतं. पण माझी आजी सांगायची की ती लग्न होऊन आली तेव्हा या शिवारात बाजरी, हुलगा, मटकी एवढंच पिकत होतं, आणि उन्हाळ्यात उभं राहिलं तर पार पलीकडच्या टेकडीच्या पायथ्याचं ढोर दिसायचं. लपायला जागा नव्हती. मग कुकडी प्रकल्प आला. येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे, डिंभे. डिंभ्याच्या पाण्याखाली तर खुद्द आंबेगाव गेलं. तालुक्याला त्याचं नाव तेवढं उरलं, कारभार घोडेगावातून चालतो. कालव्यांना पाणी सुटलं, विघ्नहर आणि भीमाशंकर या सहकारी कारखान्यांची धुराडी उभी राहिली, आणि दोन पिढ्यांत उघडं माळरान बारा ते अठरा महिने उभ्या राहणाऱ्या, पुरुषभर उंच, गार, ओल्या पिकानं झाकलं गेलं. एकदा बांधणी झाली की महिनोन् महिने आत कोणी पाऊल टाकत नाही. कोणी मुद्दाम बिबट्यासाठी घर बांधायला घेतलं असतं तरी याहून चांगलं बांधलं नसतं. त्यात जन्मलेल्या मादीनं त्यातच पिल्लं घातली, त्या पिल्लांनी पुन्हा त्यातच. सह्याद्रीचं जंगल त्यांनी पाहिलेलंच नाही. त्यांना परत जंगलात सोडा असं आपण म्हणतो तेव्हा "परत" या शब्दाला अर्थ नसतो.

आणि खायला? शेजारच्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास केला. त्याच्या आहाराचा वजनानं ८७ टक्के वाटा पाळीव प्राण्यांचा निघाला, आणि त्यात सगळ्यात मोठा, ३९ टक्के, कुत्र्यांचा. मी वर्षानुवर्षं ज्या जिवांना मलमपट्टी केली, तेच इथे त्याचं मुख्य अन्न आहे. हे वाचलं त्या रात्री मला आजोबांचा मोत्या आठवला. ओट्यावर झोपायचा. एका सकाळी ओट्याच्या पायरीवर फक्त ओढत नेल्याची रेघ होती. आजोबांनी ती रेघ पायानं पुसली नाही, कोणाला पुसूही दिली नाही. पाऊस आला तेव्हा ती गेली. तरीही फारेस्टला फोन करून पिंजरा लावा असं ते म्हणाले नाहीत. "नेणारा त्याचं पोट भरून गेला," एवढंच म्हणाले, आणि पुढचं कुत्रं रात्री आत बांधायला लागले.

आजोबांसारखं सगळ्यांनाच जमत नाही, आणि जमावं अशी अपेक्षाही करता येत नाही. शेळी गेली की पाच-दहा हजार गेले. कालवड गेली की दोन वर्षांचा सांभाळ गेला. मग गाव म्हणतं तेच, जे मी फोनवर ऐकत आले: या आणि घेऊन जा.

एकदा खरोखर घेऊन गेले. २००१ ते २००३ या काळात जुन्नर वन विभागात शंभराहून अधिक बिबटे पिंजऱ्यात धरले गेले. पुष्कळ बिबटे आसपासच्या जंगलांत नेऊन सोडले, जिथून धरले तिथून सरासरी चाळीसेक किलोमीटरवर. हेतू चांगला होता. कोणाला मारलं नव्हतं, उलट जंगलाच्या प्राण्याला जंगल दिलं होतं. त्याआधी या भागात माणसांवर वर्षाला सरासरी चार हल्ले होत. त्या मोहिमेच्या काळात ते वर्षाला सतराच्या घरात गेले, आणि जीव जाणाऱ्या हल्ल्यांचं प्रमाण दुप्पट झालं. अत्रेया यांचा याविषयीचा शोधनिबंध २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. पिंजऱ्यात दात-नखं घासून जखमी झालेलं, माणसांच्या गर्दीनं भेदरलेलं जनावर अनोळखी मुलखात सोडलं की ते काय करतं? तिथे आधीचे बिबटे असतात, पाणी कुठे आहे माहीत नसतं, कुठली वस्ती रात्री उशिरापर्यंत जागी असते तेही माहीत नसतं. ते घराकडे निघतं. आणि त्याची जुनी जागा रिकामी पडते तिथे दुसरं येतं, बहुधा तरुण, तिथल्या माणसांच्या येण्याजाण्याच्या वेळा न शिकलेलं.

शहरातल्या कुत्र्यांचा नियमही अशाच अनुभवातून आलेला आहे: नसबंदी आणि लस झाली की कुत्रं जिथून आणलं त्याच गल्लीत सोडायचं. मी स्वतः शेकडो वेळा गाडीचं मागचं दार उघडून त्यांना त्यांच्या कोपऱ्यावर उतरवलं आहे आणि गल्लीतल्या लोकांची बोलणी खाल्ली आहेत. तरी मला तो कामाचा शेवटचा, जरा कंटाळवाणा भाग वाटायचा. खरं काम निवाऱ्यात झालं, सोडणं म्हणजे पोचवणं, असं. त्या कॅरेटपुढे उभी राहिले तेव्हा मला कळलं की सोडण्याची जागा हातभरानं चुकली तरी आधीचं सगळं काम वाया जाऊ शकतं.

सोडलेलं जनावर किती लांब चालत जाऊ शकतं ते आजोबानं दाखवलं. हा माणूस नव्हे, बिबट्या. २००९ मध्ये पारनेर तालुक्यात टाकळी ढोकेश्वरला विहिरीत पडला होता. वय झालेलं, शांत, म्हणून अभ्यासकांनी नाव ठेवलं आजोबा. गळ्यात पट्टा बांधून त्याला माळशेज घाटात सोडलं, म्हणजे आमच्याच तालुक्याच्या डोक्यावर. तिथून तो रात्री-अपरात्री चालत निघाला. महामार्ग ओलांडले, रेल्वेमार्ग ओलांडले, शंभराहून अधिक किलोमीटर कापून मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या रानात पोचला. इतक्या वाटेत कोणा माणसाला त्यानं दुखावलं नाही. २०११ मध्ये मुंबई-अहमदाबाद महामार्गावर वाहनाच्या धडकेत गेला. शरीरातल्या चिपवरून त्याची ओळख पटली. त्याच्यावर सुजय डहाके यांनी सिनेमा केला. मी तो थिएटरमध्ये पाहिला आणि घरी येऊन नकाशावर माळशेजपासून बोट फिरवत बसले. कुठल्या गावांना तो कळलाच नाही, कुठल्या ओट्यावर कुठलं कुत्रं त्या रात्री भुंकून थकलं असेल.

माणिकडोहच्या केंद्राच्या फाटकापर्यंत मी गेले आहे, आत नाही. ते लोकांना बघायला खुलं नाही, आणि नसावंच. २००७ पासून वाइल्डलाइफ एसओएस ही संस्था वन विभागाबरोबर ते चालवते. आत चाळीसहून अधिक बिबटे असतात. सापळ्यात पाय गेलेला, डोळ्यांनी अधू झालेला, म्हातारा, लहानपणीच आईपासून तुटलेला आणि हातानं वाढवावा लागलेला. हा शेवटचा प्रकार मला सगळ्यात जास्त लागतो. बाटलीनं दूध प्यालेलं पिल्लू वाचतं, वाढतं, सुंदर दिसतं, पण माणसाच्या पावलांचा आवाज म्हणजे अन्न हे त्याच्या डोक्यात पक्कं बसतं. असं जनावर शिवारात सोडणं म्हणजे त्याला आणि कुठल्यातरी पोराला एकाच वेळी संकटात टाकणं. म्हणून ते आत राहतं. बिबट्या पिंजऱ्यात अठरा-वीस वर्षं जगू शकतो. ज्या पिल्लावरून मी प्रेमानं हात फिरवला असता, त्या हाताची किंमत त्यानं तेवढी वर्षं सिमेंट आणि जाळीत मोजली असती.

तिथली माणसं मात्र हात आखडता घेत नाहीत. रात्री दोनला विहिरीचा फोन आला तरी निघतात. आमच्याकडच्या जुन्या विहिरींना कठडा नसतो. कुत्र्यामागे किंवा रानडुकरामागे धावताना बिबट्या आत जातो आणि पाण्यात पोहत, मोटारीच्या पाइपाला नखं लावत, कपारीला लटकत तासन् तास राहतो. आधी दोरांना बांधून बाज खाली सोडतात. दमलेलं जनावर तिच्यावर चढतं, थरथरत बसतं. मग पिंजरा उतरवायचा, त्याचं दार पाण्याच्या बाजूला उघडं ठेवायचं, आणि ते स्वतः आत जाईपर्यंत धीर धरायचा. वर पाचशे माणसं, प्रत्येकाच्या हातात मोबाईल. मामा सांगतो, खरी मेहनत विहिरीत नसते, काठावर असते. काठ शांत झाला की दहा मिनिटांत जनावर पिंजऱ्यात येतं.

इथवर लिहिणं मला सोपं गेलं. पुढचं जड आहे.

२०२५ च्या दिवाळीच्या आगेमागे, १२ ऑक्टोबर ते २ नोव्हेंबर या तीन आठवड्यांत, शिरूर तालुक्यातलं पिंपरखेड आणि त्याला लागूनचा परिसर, म्हणजे आमच्या आणि आंबेगावच्या शिवेवरची गावं, तिथे बिबट्याच्या हल्ल्यात तीन जीव गेले. एक लहान मुलगी, एक आजी, एक शाळकरी मुलगा. लोकांनी वन विभागाची गाडी जाळली. मंचरला पुणे-नाशिक महामार्ग अडवून बसले. काही दिवसांत एका बिबट्याला गोळी घातली गेली. मी त्या वेळी पुण्यात होते आणि माझ्या फोनवर निवाऱ्याच्या जुन्या मैत्रिणींचे निरोप येत होते: बिबट्यांना मारू नका, सह्या करा. मी सही केली नाही. बिबट्यांना मारावं असं मला वाटत नव्हतं, आजही वाटत नाही. पण पोर गेलेल्या आईच्या डोळ्यांसमोरून तो कागद जाणार नव्हता आणि तिच्यासाठी त्यात एक ओळही नव्हती. सरकार मृत्यूमागे २५ लाख रुपये देतं. ती रक्कम घरात येते तेव्हा ते घर कसं दिसत असेल, याचा विचार मी पूर्ण करू शकत नाही.

त्या आईला कोणी "त्याच सरीत" म्हणून समजावू नये. ती "घेऊन जा" म्हणाली तर ती बरोबरच आहे. ज्या जनावरानं माणूस मारला ते तिथून जायलाच हवं, आणि मामाही हेच म्हणतो. अडचण अशी की ते नेमकं कोणतं जनावर, हे ठरवेपर्यंत लोकांचा धीर टिकत नाही, आणि हाती लागेल ते नेलं की २००१ चीच वाट पुन्हा चालावी लागते.

त्या दिवसांत पिंपरखेडच्या माणसांचं एक छायाचित्र आलं होतं. शेतात खुरपणीला निघालेल्या बायकांच्या गळ्यात टोकदार खिळ्यांचे पट्टे. आमच्याकडे मेंढपाळ आपल्या कुत्र्याच्या गळ्यात असा पट्टा बांधतात, वाघानं नरडं धरू नये म्हणून. लहानपणी वाडा बसला की मी त्या पट्ट्यांना बोट लावून बघायची. तोच पट्टा बाईच्या गळ्यात बघून मी फोन उलटा ठेवला. निवाऱ्यात काम करताना मला वाटायचं, प्राण्याचं रक्षण आणि माणसाचं रक्षण ही दोन खाती आहेत आणि आपण पहिल्यात आहोत. त्या पट्ट्यानं ती दोन खाती माझ्यापुरती मिटवली. कुत्र्याच्या गळ्यातला आणि बाईच्या गळ्यातला पट्टा जर एकच असेल, तर तो उतरवण्याचं कामही एकच आहे.

आणि ते काम फार साधं, फार कंटाळवाणं आहे. शेताला वीज रात्री मिळते म्हणून माणूस अंधारात बारं द्यायला जातो; ती दिवसा मिळावी. घरापासून दहा पावलांवर ऊस लावू नये, थोडी मोकळी पट्टी राहावी. गोठ्याला वरपर्यंत जाळी. विहिरीला कठडा. ऊसतोडीच्या टोळ्यांच्या कोप्या फडाच्या कडेला पाचटावर पडतात, तान्ही पोरं उघड्यावर झोपतात. त्यांना कारखान्यानं चार भिंतींची, दिव्याची जागा द्यावी. ज्या बाईनं त्या पिल्लांची जागा पायानं शोधून दिली, तिची स्वतःची तीन वर्षांची मुलगी त्या रात्री ताडपत्रीच्या कोपीत झोपणार होती, बिबटीण जिथे येणार होती तिथून दीडेकशे पावलांवर. मला हे लक्षात आलं नव्हतं. मामीच्या आलं. तिनं त्या रात्री टोळीतल्या सगळ्या बायका-पोरांना आमच्या ओसरीत झोपायला बोलावलं.

दिवाळीची सुरुवात वसुबारसेनं होते. गावात गाय-वासराची पूजा. जुन्नर-आंबेगावच्या पश्चिमेला, डोंगरातल्या महादेव कोळ्यांच्या वाड्यांवर हाच दिवस वाघबारस म्हणून पाळतात. वाघोबाच्या दगडाला शेंदूर, खिरीचा नैवेद्य. काही ठिकाणी एक गुराखी पोरगा वाघ होतो आणि बाकीची पोरं त्याला शिवेबाहेर पळवतात. नैवेद्यही द्यायचा आणि पळवायचंही, एकाच दुपारी. गाय आणि वाघ यांना तिथीही एकच, अश्विन वद्य द्वादशी. २०२५ मध्ये ती १७ ऑक्टोबरला आली, पिंपरखेडच्या पहिल्या मृत्यूनंतर पाच दिवसांनी. त्या दिवशी डोंगरात कोणी खीर रांधताना काय बोललं असेल, ते मला ऐकायला हवं होतं.

आळे गावी रेड्याची समाधी आहे. ज्ञानेश्वरांनी ज्याच्या तोंडून वेद बोलवले अशी कथा आहे, त्याची. आमच्या तालुक्यात जनावराची समाधी आहे, तिथे यात्रा भरते, माणसं कपाळ टेकतात. मी लहान असताना आजीनं मला तिथे नेलं होतं. मी विचारलं होतं, रेड्याला का नमस्कार करायचा? आजी म्हणाली, "पाठीवर मारलेलं दुसऱ्याच्या पाठीवर उमटलं ना, म्हणून." वेदांचं तिनं नावही घेतलं नाही. तिच्या लेखी चमत्कार तो नव्हताच.

त्या जानेवारीतल्या रात्री आमच्या ओसरीत बारा-तेरा माणसं झोपली. मी जागीच होते. मध्यरात्रीनंतर कधीतरी कुत्री एकदम भुंकायला लागली आणि मग एकदम थांबली. तोडणीवाली बाईही जागी होती. अंधारात ती हळूच म्हणाली, "आली." आम्ही दोघी बसून राहिलो. तिची मुलगी तिच्या मांडीवर झोपली होती आणि तिचा हात मुलीच्या पाठीवर होता.

सकाळी वनरक्षक आला, कॅमेरा सोडून घेतला. मामाच्या ओट्यावर सगळे त्या छोट्या पडद्यावर वाकले. एक वाजून काही मिनिटांनी ती आलेली दिसत होती. पहिल्यांदा कॅरेटपासून लांब, मग जवळ, मग पंजानं एक कड खाली दाबून. एक पिल्लू नेलं. पाऊण तासानं परत आली, दुसरं नेलं. मध्ये कॅमेऱ्याकडे एकदा बघितलं होतं, डोळे पांढरे चमकलेले. कोणी टाळी वाजवली नाही. वनरक्षकाचा फोन वाजला. पलीकडच्या गावात कोणाची शेळी गेली होती, तो पंचनाम्याला निघाला.

टोळीनं उरलेल्या सऱ्या दुपारपर्यंत तोडल्या. मामीनं कॅरेट हौदावर नेऊन घासलं, धुतलं आणि उन्हात पालथं घातलं. संध्याकाळी साडेपाचलाच तिनं अंगणात उभं राहून सगळ्या पोरांना, आमच्या आणि टोळीच्या, नावं घेऊन घेऊन आत बोलावलं. एक मिळत नव्हतं. तिचा आवाज चढत गेला. ते गोठ्यामागे सापडलं, आणि मग तिनं दाराला कडी घातली.